त्यांच्या मौनाचा अर्थ लावण्याआधी

एका वाचकाच्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. शर्यतपटूची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले आहेत.

पत्रलेखकांचे वय एक्केचाळीस असून गेली सोळा वर्षे ते एकाच शर्यतपटूचे चाहते आहेत. तीन महिन्यांपूर्वी त्या शर्यतपटूच्या संघाने चार ओळींचे निवेदन काढले. त्यांना गंभीर आजार झाला आहे, उपचार सुरू झाले आहेत, उरलेल्या हंगामात त्यांची गाडी राखीव ड्रायव्हर चालवेल आणि कुटुंबाच्या खासगीपणाचा सर्वांनी मान राखावा, एवढेच त्यात म्हटले होते. आजाराचे नाव त्यात नव्हते आणि त्यानंतर एकही अधिकृत शब्द आलेला नाही. पत्रलेखक रात्री दोन-तीनदा उठून बातमी आली का ते पाहतात. ते चालवत असलेल्या दोनशे चाहत्यांच्या गटात आता वाद पेटले आहेत. कोणी जुनी छायाचित्रे मोठी करून मान बारीक झाल्याचे दाखवतो, कोणी आजाराचे नाव ‘खात्रीने’ सांगतो, कोणी उपचारांसाठी वर्गणी काढली आहे, तर काहींनी रुग्णालयाचा पत्ता शोधून वाढदिवसाला झेंडे घेऊन तिथे जमायचे ठरवले आहे. पत्रलेखकांनी स्वतः दोन पत्रे पाठवली, त्यांना उत्तर आले नाही. सोळा वर्षांच्या निष्ठेला एका ओळीचेही उत्तर मिळू नये, याचा त्यांना राग येतो आणि रागाची लाजही वाटते. राखीव ड्रायव्हरने गुण मिळवले तेव्हा क्षणभर आनंद झाला आणि लगेच आपण फितूर झालो असे वाटले. पत्नी म्हणाल्या, ‘माझा भाऊ आजारी पडला तेव्हा तुम्ही दोनदाच रुग्णालयात आलात, आणि ज्याला तुमचे नावही ठाऊक नाही त्याच्यासाठी रात्री जागता.’ या वाक्यानंतर पत्रलेखकांनी कंसात विचारले आहे: मी हास्यास्पद आहे का?

प्रिय वाचक,

कंसातल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे पत्र त्याच्याभोवती रचलेले आहे. नाही, तुम्ही हास्यास्पद नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली, म्हणजे दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचत होती त्याच काळात, या एकतर्फी ओळखीबद्दल सविस्तर लिहिले होते. पडद्यावरचा माणूस नेमाने भेटत राहिला की पाहणाऱ्याच्या मनात त्याच्याशी खरी सलगी तयार होते, मग समोरच्याला त्याचा पत्ता नसला तरी चालते. तुम्ही सोळा वर्षे हंगामामागून हंगाम ठरलेल्या वेळी या माणसाला भेटत आलात. गाडीतल्या रेडिओवरून त्यांचा धापा टाकणारा आवाज ऐकलात, चुकल्यावरची चिडचिड ऐकलीत, जिंकल्यावर हेल्मेटमध्ये दाटलेला गळा ऐकलात. इतक्या वर्षांत जवळच्या कित्येक नातेवाइकांचा आवाजही आपण इतक्या वेळा ऐकलेला नसतो. तेव्हा दुःख खरे आहे. प्रश्न आहे तो त्या दुःखाने तुमच्याकडून आणि तुमच्या गटाकडून काय काय करून घेतले, याचा.

तुम्ही रात्री उठून नेमके काय शोधता, याचा मी बराच विचार केला. मोटार शर्यतीच्या चाहत्याला माहितीची जी सवय लागलेली असते ती दुसऱ्या फार थोड्या खेळांत लागत असेल. प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत समोर येते. कोणते टायर किती फेऱ्या चालले, पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावर, गाडी किती सेकंद थांबली, कुठल्या वळणावर किती वेळ गेला, हे सगळे तुम्हाला त्या क्षणी कळते. गाडी पडद्यावरून दोन मिनिटे दिसेनाशी झाली तरी वेळांच्या तक्त्यात नाव हलताना दिसते आणि जीव भांड्यात पडतो. ते नाव एकाच जागी थांबले की अपघात झाला असणार, हे समालोचकाच्या आधी तुम्ही ओळखता. सोळा वर्षे अशी सवय झालेले मन आता आजाराकडेही तसेच पाहते आहे. तीन महिने नाव हललेले नाही, म्हणजे काहीतरी भयंकर झाले असणार, असा निष्कर्ष तुमचे मन रोज रात्री नव्याने काढते.

आजाराला असा तक्ता नसतो. गंभीर आजाराचे निदान बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने होते. तपासणीसाठी ऊतीचा तुकडा काढतात, अहवालाची वाट पाहतात, आजार किती पसरला आहे ते पाहण्यासाठी पुन्हा चाचण्या करतात. उपचारांच्या काही फेऱ्या झाल्याशिवाय त्यांचा उपयोग होतो आहे की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणजे तुम्हाला जे उत्तर हवे आहे ते कदाचित खुद्द त्या शर्यतपटूकडेही अजून नसेल. नसलेली बातमी कोणी द्यायची? आणि अर्धवट दिली, तर पुढच्या अहवालात ती बदलल्यावर पुन्हा सगळ्या जगासमोर दुरुस्ती करत बसायचे का? ज्या घरात रुग्ण असतो त्या घराला नातेवाइकांचे दहा फोन घेतानाही थकवा येतो. इथे फोन करू पाहणारे लाखो आहेत.

शिवाय या व्यवसायाची स्वतःची कारणे आहेत. शर्यतीत उतरण्यासाठी लागणारा परवाना वैद्यकीय तंदुरुस्तीशी बांधलेला असतो. पुढच्या हंगामाचा करार, प्रायोजक, विमा, संघातली जागा या सगळ्यांवर आज उच्चारलेल्या एका शब्दाचा परिणाम होऊ शकतो. घरात मुले असतील तर आई-वडील त्यांना किती आणि कधी सांगणार आहेत, हेही त्यात येते. तेव्हा मौनाचा अर्थ ‘सगळे संपले’ असा लावू नये, आणि ‘आम्हाला किंमत दिली नाही’ असा तर मुळीच लावू नये.

फॉर्म्युला वनचे सात वेळचे जगज्जेते मायकेल शूमाकर यांच्या कुटुंबाचे उदाहरण तुम्हाला माहीत असणारच, तरी त्यातला क्रम पुन्हा पाहावा असे मला वाटते. २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेल इथे स्कीइंग करताना त्यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांना ग्रनोबलच्या रुग्णालयात नेण्यात आले. त्यांच्या प्रवक्त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, पहिल्या काही दिवसांतच एका माणसाने धर्मगुरूचा वेश करून त्यांच्या खोलीपर्यंत जाण्याचा प्रयत्न केला. ७ जानेवारीला त्यांच्या पत्नी कोरिना यांना पत्रकारांना जाहीर विनंती करावी लागली की, रुग्णालयाचा परिसर सोडा आणि डॉक्टरांना शांतपणे काम करू द्या. त्याच वर्षी जून महिन्यात शूमाकर यांच्या वैद्यकीय नोंदींची चोरी होऊन त्या विकायला निघाल्या. २०२३ साली एका जर्मन साप्ताहिकाने त्यांची ‘मुलाखत’ मुखपृष्ठावर छापली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतलेली निघाली. प्रकाशकांना माफी मागावी लागली आणि संपादिकेला पद सोडावे लागले. एवढे सगळे सोसलेले घर दार का उघडत नाही, हे विचारण्याची गरज राहत नाही. तुमच्या शर्यतपटूच्या कुटुंबाने हे सगळे दुरून पाहिले आहे. त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. ‘खासगीपणाचा मान राखावा’ ही ओळ तुम्हाला कोरडी वाटली असेल, पण त्यामागे हा अनुभव आहे.

सगळेच असे वागतात असेही नाही, आणि एकाच्या वागण्यावरून दुसऱ्याची परीक्षा करू नये. फॉर्म्युला वनचे जगज्जेते निकी लाउडा १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावर अपघातात भाजले आणि बेचाळीस दिवसांनी, जखमा पुरत्या भरलेल्या नसताना, इटलीतल्या मॉन्झाला शर्यतीत उतरून चौथे आले. पुढे मूत्रपिंडाचे दोनदा आणि २०१८ साली फुप्फुसाचे प्रत्यारोपण झाले, तेही जगाला कळत राहिले. याउलट, नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत १९९६ आणि १९९७ अशी दोनदा जिंकणाऱ्या जर्मन शर्यतपटू आणि दूरचित्रवाणी निवेदिका साबिने श्मिट्झ यांना २०१७ च्या अखेरीपासून कर्करोग होता, आणि ते त्यांनी चाहत्यांना सांगितले जुलै २०२० मध्ये. मार्च २०२१ मध्ये त्या गेल्या. मधली अडीच वर्षे ज्यांनी त्यांना पडद्यावर हसताना पाहिले, त्या चाहत्यांना त्यांनी फसवले असे कोणी म्हणेल का? आजार त्यांचा होता, कधी सांगायचे हेही त्यांनीच ठरवायचे होते.

आता तुमच्या रागाकडे येते. ‘सोळा वर्षे दिली’ असे तुम्ही लिहिले आहे. या शब्दांवर मी थोडा वेळ थांबले, कारण यात जमाखर्चाची वही उघडली आहे. ती वही पुढे नेलीत तर पलीकडची बाजूही लिहावी लागेल. सोळा वर्षे त्यांनीही दिली. पावसात, तापात, मोडलेल्या बोटांनी, आपल्याला कधी न कळलेल्या भीतीसकट दिली, आणि तुम्हाला शर्यतींचे ते दिवस मिळाले. माझ्या मते हिशेब तिथेच चुकता झालेला आहे आणि कोणाचीच बाकी निघत नाही. तुमच्या दोन पत्रांचे म्हणाल तर, अशी पत्रे बहुधा संघाच्या कार्यालयात जमा होतात आणि केव्हातरी एकत्र पोहोचवली जातात. उत्तर न येणे हा तुमच्यावरचा शेरा नाही. तिसरे पत्र लिहावेसे वाटले तर जरूर लिहा, पण छोटे लिहा. त्यात कुठलाही औषधोपचार सुचवू नका, दुसऱ्या कोणी कसे बरे झाले याची कथा सांगू नका, एखाद्या शर्यतीची एखादी आठवण सांगा, आणि उत्तर अपेक्षित नाही असे स्पष्ट लिहा. हे शेवटचे वाक्य तुमच्यासाठीही उपयोगी पडेल, कारण ते लिहिल्यावर वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

तुमचा गट हा या पत्रातला सर्वांत निकडीचा भाग आहे, आणि इथे मी थोडी कठोर होणार आहे.

छायाचित्रांवरून आजार शोधण्याचे काम आजच्या आज थांबले पाहिजे. उष्ण हवेतल्या एका शर्यतीत ड्रायव्हरच्या अंगातले दोन-तीन किलो वजन घामावाटे जाऊ शकते. मान मुद्दाम व्यायामाने कमावलेली असते आणि सराव थांबला की ती उतरते. गाल बसलेले दिसणे हे आहाराचे, प्रकाशाचे, झोपेचे, कशाचेही चिन्ह असू शकते. तुमच्या गटाने ज्याला पुरावा म्हटले त्यातून काहीही सिद्ध होत नाही. २००१ चे जागतिक मोटार रॅली विजेते रिचर्ड बर्न्स यांचे पाहा. २००३ च्या हंगामात ते शेवटच्या रॅलीपर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होते. त्या रॅलीसाठी वेल्सकडे जाताना, स्वतः गाडी चालवत असताना, त्यांची शुद्ध हरपली, आणि नंतर तपासणीत मेंदूची गाठ निघाली. त्याआधी हजारो लोक त्यांना हंगामभर कॅमेऱ्यातून पाहत होते. पाहणाऱ्यांना काही दिसले नव्हते, कारण दिसण्यासारखे काही नव्हते.

आणि समजा, एखाद्याचा अंदाज बरोबर निघाला, तर? मग ते अधिकच वाईट, कारण ज्या गोष्टीचा उच्चार त्या माणसाने स्वतः केलेला नाही ती तुमच्या गटाने चव्हाट्यावर मांडली असे होईल. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेला माहिती-संरक्षणाचा कायदा आरोग्याची माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात ठेवतो, तो उगीच नाही. शिवाय एका गोष्टीकडे तुमचे लक्ष गेले नसावे. दोनशे माणसांच्या गटात कोणीतरी स्वतः आजारी असणार, किंवा कोणाच्या तरी घरी तोच आजार असणार. ‘अमुक असेल तर कोणी वाचत नाही’ हे वाक्य शर्यतपटूच्या नजरेला कधी पडणारही नाही, पण त्या गप्प बसलेल्या सभासदाच्या डोळ्यांसमोरून ते गेलेले आहे.

गट तुम्ही चालवता, म्हणून शब्दही तुम्हीच द्यायला हवेत. लोकांना नुसते ‘थांबा’ सांगितले की ते चिडतात. मी असे काही लिहिले असते: “संघाने किंवा कुटुंबाने जाहीर केलेली माहिती तेवढीच इथे येईल. आजाराचे नाव, रुग्णालय, घर, नातेवाईक यांविषयीचे अंदाज आणि छायाचित्रे काढून टाकली जातील, ती कोणीही टाकलेली असोत. काळजी वाटते म्हणून बोलायचे असेल तर त्यांच्या शर्यतींबद्दल आणि आपल्या स्वतःच्या मनाबद्दल बोलू या.” शेवटचे वाक्य गाळू नका. लोकांची घालमेल खरी आहे आणि तिला जाण्याची वाट हवी. अंदाज काढून टाकताना त्या सभासदाला खासगीत दोन शब्द लिहावेत, सगळ्यांसमोर त्याची शोभा करू नये.

रुग्णालयापाशी जमण्याबद्दल मला दोन्ही बाजू दिसतात. ३ जानेवारी २०१४ रोजी, शूमाकर यांच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, फेरारी या त्यांच्या जुन्या संघाचे चाहते ग्रनोबलच्या रुग्णालयाबाहेर लाल झेंडे घेऊन शांतपणे उभे राहिले होते. त्या दृश्यात प्रेम होते आणि त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण शूमाकर कुठे आहेत हे सगळ्या जगाला जाहीररीत्या माहीत होते. तुमच्या बाबतीत कुटुंबाने रुग्णालयाचे नाव सांगितलेले नाही, तुमच्या गटाने ते ‘शोधले’ आहे. तिथे झेंडे घेऊन उभे राहणे म्हणजे तो पत्ता सगळ्यांना वाटणे, आणि तुमच्यामागून कोण कोण येईल यावर तुमचा ताबा नसणे. त्याच इमारतीत दुसऱ्याही खाटांवर माणसे आहेत, ज्यांच्यासाठी बाहेर कोणी झेंडा आणलेला नाही. त्यामुळे, माझे मत विचाराल तर, जाऊ नये. वाढदिवसाला काही करायचेच असेल तर सगळ्यांच्या आठवणी एका वहीत उतरवून घ्या आणि ती संघाच्या अधिकृत पत्त्यावर पाठवा. ती कधी उघडायची ते त्यांना ठरवू द्या.

वर्गणी मात्र ताबडतोब बंद करा आणि ज्याचे त्याला परत करा. कुटुंबाने मागितलेली नाही, कोणी अधिकार दिलेला नाही, पैसे एका सभासदाच्या खात्यात आहेत. हेतू कितीही शुद्ध असला तरी यातून उद्या भांडण किंवा फसवणुकीचा आरोप उभा राहील. देण्याची इच्छा दुसरीकडे वळवता येते, आणि या खेळाच्या इतिहासात त्याची फार सुंदर वाट आहे. स्वीडनचे गुन्नार निल्सन यांनी १९७७ साली झोल्डर इथे बेल्जियन ग्रँड प्री जिंकली, तो त्यांचा एकमेव विजय. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना वृषणाचा कर्करोग असल्याचे कळले. पुढच्या हंगामासाठी नव्या संघाशी करार झालेला होता, पण त्या गाडीत बसून ते एकही शर्यत धावू शकले नाहीत. उरलेल्या महिन्यांत त्यांनी कर्करोगाच्या उपचारांसाठी निधी उभारण्याचे काम हाती घेतले आणि २० ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी सिस्प्लॅटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या आजाराने निल्सन गेले तो आज वेळेत सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात, त्यात या औषधाचा वाटा फार मोठा आहे. हा दोन महिन्यांचा फरक मला नेहमी अस्वस्थ करतो. रिचर्ड बर्न्स यांच्याही नावाने संस्था उभी राहिली. तेव्हा तुमच्या गटाने एखाद्या नोंदणीकृत संस्थेला ज्याने त्याने थेट द्यावे, किंवा रक्तदान करावे, मूळपेशी (स्टेम सेल) दात्यांच्या नोंदवहीत नाव घालावे. शर्यतपटूचे नाव त्याला जोडण्याआधी मात्र त्यांच्या कार्यालयाला विचारावे. उत्तर आले नाही तर नाव न जोडता द्यावे.

तुमच्या पत्रात ‘ते लढवय्ये आहेत, हीसुद्धा शर्यत जिंकतीलच’ असे तीन ठिकाणी आले आहे. शर्यतपटूबद्दल हे सुचणे साहजिक आहे, आणि आजारी माणसाने स्वतःसाठी हा शब्द निवडला तर तो त्याचा हक्क आहे. शूमाकर कुटुंबानेही ‘लढत राहा’ या अर्थाचेच नाव आपल्या उपक्रमाला दिले. पण बाहेरून तोच शब्द सतत ऐकवला तर ते ओझे होते. पेशी जिद्दीला भीत नाहीत. उपचार लागू पडले नाहीत तर तो माणूस कमी लढला असे म्हणायचे का? पुढच्या पत्रात ‘जिंका’ऐवजी ‘तुमची आठवण येते’ असे लिहून पाहावे.

‘परत कधी येणार’ हेही विचारू नये. लाउडांच्या बेचाळीस दिवसांच्या कथेने या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या अपेक्षा बिघडवल्या आहेत. २०२४ साली तेव्हाचे फेरारीचे ड्रायव्हर कार्लोस साइन्झ यांचे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढले आणि सोळा दिवसांनी त्यांनी मेलबर्नची शर्यत जिंकली, त्यामुळे त्या बिघडलेल्या अपेक्षांवर आणखी एक थर चढला. पण आंत्रपुच्छ वेगळे आणि दीर्घ आजार वेगळा. परतणे जिद्दीवर नाही, आजाराच्या आणि औषधाच्या जातीवर ठरते. अमेरिकी ड्रायव्हर ब्रायन व्हिकर्स यांना २०१० साली रक्तात गुठळ्या झाल्याने हंगाम सोडावा लागला, कारण रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना अपघात झाला तर रक्तस्राव थांबवणे कठीण. याउलट, चार्ली किंबॉल यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह असूनही त्यांनी २०१३ साली अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेतली शर्यत जिंकली, कारण रक्तातली साखर गाडीतल्या पडद्यावर पाहत आणि लागेल तेव्हा गोड पेय घेत ते गाडी चालवू शकत होते. दोघांच्याही धैर्यात फरक नव्हता.

राखीव ड्रायव्हरच्या गुणांवर तुम्ही आनंदलात त्याचे काय? काहीच नाही. आनंदित व्हावे. साइन्झ यांच्या जागी सौदी अरेबियातल्या जेद्दाला अठरा वर्षांचा ऑलिव्हर बेअरमन बसला आणि सातवा आला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी साइन्झ स्वतः तिथे येऊन ती शर्यत पाहत होते. तुमच्या शर्यतपटूची गाडी ज्या मुलाकडे आली आहे, त्याला कुठल्या परिस्थितीत ती मिळाली हे त्याला चांगले ठाऊक आहे. त्याच्या अपयशाची इच्छा धरून कोणाचाही आजार हलका होणार नाही.

रात्रीच्या जागरणासाठी एक साधी गोष्ट सुचवते. अधिकृत बातमी देणारी ठिकाणे दोनच आहेत, संघ आणि कुटुंबाचे प्रवक्ते. आठवड्यातून एक दिवस, दिवसाउजेडी, तेवढीच पाहावीत. मोठी बातमी आली तर ती तुमच्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही, दोनशे माणसे आहेत ना. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. दोन-तीन आठवडे असे करूनही झोप लागत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलण्यात संकोच करू नये. ‘कशामुळे’ हे सांगायला लाज वाटेल, तरी सांगावे.

आता तुमच्या पत्नींच्या वाक्याबद्दल. ते तुम्ही टोमणा म्हणून घेतले आहे, मला त्यात दुखावलेपण ऐकू आले. मेहुण्यांकडे दोनदाच का गेलात, याचे कारण तुम्ही एका ओळीत दिले आहे आणि लगेच विषय बदलला आहे: ‘तिथे काय बोलावे ते कळत नाही.’ माझ्या मते सगळ्या पत्रातली सर्वांत प्रामाणिक ओळ हीच आहे. दूरच्या माणसाच्या आजारात आपल्याला काही बोलावे लागत नाही, बोलताना चुकण्याची भीती नसते, वास नसतो, सलाईनची नळी नसते, आणि आपल्या चेहऱ्यावर काय दिसते याची चिंता नसते. काळजी मात्र पुरेपूर करता येते. ती खोटी होती असे मी म्हणत नाही. कदाचित मेहुण्यांच्या खाटेपाशी जे तुम्हाला वाटायचे राहून गेले, तेही याच काळजीत मिसळून रात्री तुम्हाला उठवत असेल. मी चुकत असेन, पण पडताळून पाहण्यासारखे आहे.

मेहुणे आता घरी आले आहेत आणि त्यांचे उपचार चालू आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे उशीर झालेला नाही. इतके दिवस न आल्याचे लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका, त्याने तेच तुमची समजूत काढत बसतील. ‘काय बोलावे कळत नव्हते म्हणून आलो नाही, चुकलेच माझे’ एवढे पुरे. त्यांना शर्यतींत रस नाही हे तुम्ही सांगितलेच आहे, तेव्हा तो विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर बोला. आजाराबद्दल त्यांना बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर क्रिकेट, ऑफिस, शेजारचे भांडण, काहीही चालते. औषधे आणून देणे, तपासणीला सोबत जाणे, बहिणीला म्हणजे तुमच्या पत्नीला तिथे दोन तास निवांत बसू देऊन घरचे तुम्ही पाहणे, यांतले काय हवे आहे ते विचारावे आणि जे सांगतील तेवढेच करावे. अर्धा तास नुसते शेजारी बसणेही चालते, ते अवघडलेले वाटले तरी.

जाण्याआधी फोन करून ‘आज येऊ का?’ असे विचारावे. ते नको म्हणाले, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.